‘डीपर’, पण कशापेक्षा? : इंग्रजी संदर्भपत्रांतील खोलीची तुलना

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या परिसरात व्यवसाय करणाऱ्या वैद्याला आठवड्यातून दोन-चार वेळा तरी इंग्रजीत लेखन करावे लागते. मधुमेही रुग्णाच्या तळपायाचा व्रण आटोक्याबाहेर जाऊ लागला की त्याला परळच्या के. ई. एम. रुग्णालयात पाठवावयाचे असते. विमा कंपनीला प्रमाणपत्र द्यावयाचे असते. एखादा चिवट भगंदर बरा झाल्यावर त्याचा वृत्तान्त परिषदेत वाचावयाचा असतो. औषधनिर्मात्या सभासदांना वेष्टनावरील मजकूर छपाईस द्यावयाचा असतो. रुग्ण मराठीत सांगतो, आपण मराठीत विचार करतो, केसपेपरावर संस्कृत संज्ञा लिहितो आणि पत्र मात्र इंग्रजीत रवाना होते. या तीन भाषांच्या प्रवासात ज्या माहितीची सर्वाधिक आबाळ होते ती माहिती म्हणजे खोली.

व्रणाची लांबी व रुंदी कोणालाही डोळ्यांनी दिसते. खोली मात्र एषणी घालून पाहणाऱ्यालाच कळते. त्यातही आठ दिवसांपूर्वीची खोली तर केवळ आपल्या नोंदीत शिल्लक असते. बाह्यरुग्ण विभागातील निवासी डॉक्टर कितीही हुशार असला, तरी मागील गुरुवारचा व्रण त्याला आज दिसणार नाही. त्याच्यापुढे रुग्ण असतो आणि आपले पत्र असते. व्रण वाढतो आहे की भरतो आहे, याचा निर्णय पुष्कळदा त्या पत्रातील एका तुलनावाचक शब्दावर अवलंबून राहतो. म्हणून प्रस्तुत पाठात ‘डीप’ या एकाच विशेषणाचा विचार आम्ही योजिला आहे. इंग्रजीचे सबंध व्याकरण शिकविण्याचा आमचा अधिकार नाही आणि तसा हेतूही नाही.

अशा पत्रांत हमखास आढळणाऱ्या धाटणीचे एक वाक्य नमुन्यादाखल घेऊ : ‘द वूंड इज मोअर डीपर ॲज कंपेअर्ड टु लास्ट वीक, डेप्थ इन्क्रीज्ड 8 एमएम.’ लिहिणाऱ्याला काय म्हणावयाचे आहे याचा अंदाज येतो. परंतु अंदाज येणे निराळे आणि अर्थ कळणे निराळे. यातील ‘मोअर डीपर’ ही व्याकरणाची चूक आहे. तिने फार तर हसे होईल, अपाय होणार नाही. ‘ॲज कंपेअर्ड टु लास्ट वीक’ ही ढिलाई आहे. खरा धोका शेवटच्या चार शब्दांत आहे. खोली 8 मिलिमीटरने वाढली की 8 मिलिमीटरपर्यंत पोहोचली? मागील आठवड्यात ती 5 मिलिमीटर होती असे धरू. पहिल्या अर्थाने आज ती 13 मिलिमीटर आहे, दुसऱ्या अर्थाने 8. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूस हा फरक लहान नव्हे. तेथे अस्थी फार दूर नसते, आणि एषणी अस्थीला टेकते अशी शंका आली की शल्यचिकित्सक अस्थिपाक गृहीत धरून तपासण्यांना लागतो. मधुमेही पायाच्या व्रणाची जी प्रतवारी रुग्णालयांत प्रचलित आहे, तिच्यात व्रण वरवरचा आहे की कंडरा, संधी किंवा अस्थी यांच्यापर्यंत गेला आहे, यावरच पहिल्या पायऱ्या ठरतात. म्हणजे आपण गाळलेला एक शब्द रुग्णाला एका पायरीवरून दुसरीवर नेऊ शकतो.

मराठीत हा घोटाळा होत नाही, कारण आपल्या विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये ते काम मुकाट्याने करतात. ‘खोली 8 मिलिमीटरने वाढली’ आणि ‘खोली 8 मिलिमीटरपर्यंत गेली’ या दोन वाक्यांची गल्लत शाळकरी मूलही करणार नाही. इंग्रजीत हेच काम ‘बाय’ आणि ‘टु’ करतात. ‘इन्क्रीज्ड बाय 8 एमएम’ म्हणजे 8 ने वाढली. ‘इन्क्रीज्ड टु 8 एमएम’ म्हणजे वाढून 8 झाली. मराठी मनाला ‘ने’ आणि ‘पर्यंत’ हे वेगळे शब्द वाटतच नाहीत. ते नामाला चिकटलेले असतात. म्हणून इंग्रजीत लिहिताना ते मनात राहतात आणि कागदावर उतरत नाहीत. भरत आलेल्या व्रणाबाबतही हेच. 12 मिलिमीटर खोलीचा व्रण भरून 4 मिलिमीटर उरला आणि आपण ‘डिक्रीज्ड बाय 4 एमएम’ असे लिहिले, तर वाचणारा अजून 8 मिलिमीटर शिल्लक आहेत असे समजेल; आपल्या चिकित्सेचे अर्धे यश आपणच पुसून टाकले असे होईल. यावर आमच्या मते एकच उपाय निर्धोक आहे : दोन्ही आकडे लिहावेत. ‘द डेप्थ हॅज इन्क्रीज्ड फ्रॉम 5 एमएम टु 8 एमएम.’ वजाबाकी वाचणारा करून घेईल.

तर-तम-भाव

‘मोअर डीपर’ असे का लिहिले जाते, हे पाहण्यासारखे आहे. मराठी विशेषण तुलनेसाठी आपले रूप बदलत नाही. खोल ते खोलच राहते. तुलनेचा सारा भार ‘पेक्षा’ आणि ‘अधिक’ यांच्यावर असतो. लिहिताना ‘अधिक’ साठी ‘मोअर’ आपसूक येतो, आणि शाळेत घोकलेले ‘डीप, डीपर, डीपेस्ट’ ही हजर असतेच. दोन्ही एकदम लेखणीतून उतरतात. संस्कृत जाणणाऱ्या वैद्याला मात्र ही चूक समजावून सांगण्याची गरज पडू नये. गुरु, गरीयस्, गरिष्ठ. लघु, लघीयस्, लघिष्ठ ही रूपे आपण द्रव्यगुणविज्ञान शिकताना आत्मसात केलेली असतात. इंग्रजीतील ‘एस्ट’ आणि संस्कृतातील ‘इष्ठ’ हे एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज आहेत. ‘गरिष्ठ’ला पुन्हा ‘अधिक’ जोडण्याची जशी आवश्यकता नाही, तशी ‘डीपर’ला ‘मोअर’ची नाही. अर्थात आपल्याकडील मानपत्रांतून ‘श्रेष्ठतम’ हा शब्द सर्रास मिरवतो, आणि तो तर अगदी ‘मोस्ट डीपेस्ट’च्या जातीचा आहे. मानपत्राने कोणाच्या पायाला इजा होत नाही, एवढेच त्याचे समर्थन.

व्याकरण आणि वैद्यक यांचे सख्य या शहराला नवे नाही. मराठीचे व्याकरण 1836 साली प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर मुंबईचेच, आणि त्यांचे धाकटे बंधू आत्माराम पांडुरंग हे नामांकित डॉक्टर व 1867 साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक. त्या घरात दोन्ही शास्त्रे एका छपराखाली नांदली. आपल्या दवाखान्यात ती एका कागदावर नांदावयास हरकत नसावी.

तुलनेला जोर द्यावयाचा असल्यास ‘व्हेरी डीपर’ म्हणता येत नाही. ‘व्हेरी’ हा ‘डीप’चा सोबती, ‘डीपर’ला ‘मच’ किंवा ‘स्लाइटली’ चालते, आणि त्याहूनही उत्तम म्हणजे मोजमाप : ‘3 एमएम डीपर’. येथेच आणखी एका शब्दापासून सावध राहावयास हवे. आपल्या ‘खूप खोल’ला प्रतिशब्द म्हणून ‘टू डीप’ असे लिहिण्याची सवय पुष्कळांना आहे. ‘टू’ म्हणजे खूप नव्हे, तर प्रमाणाबाहेर, एखाद्या कामाला अडथळा येईल इतके. ‘द सायनस इज टू डीप’ असे लिहिले की वाचणारा विचारतो, कशासाठी टू डीप? आणि ‘टू डीप टु प्रोब’ याचा अर्थ तर ‘एषणी टाकता आली नाही’ असा सरळ नकारार्थी होतो. ‘फार खोल असल्याने काळजीपूर्वक एषणी टाकली’ असे सांगावयाचे असेल आणि हातून असे वाक्य गेले, तर आपण तपासणी केलीच नाही असा पुरावा आपल्याच सहीनिशी तयार होतो.

आता ‘दॅन’. ‘डीप ॲज कंपेअर्ड टु’ ही आपल्याकडील इंग्रजीची आवडती वाक्यरचना आहे. तिच्यात ‘डीप’ मूळ रूपातच राहते, आणि व्रण आज खोल आहे एवढेच निश्चित कळते. किती अधिक, ते धूसर राहते. ‘डीपर दॅन’ असे लिहावे आणि नंतर येणारे पद समजातीय असावे. ‘द अल्सर ऑन द लेफ्ट हील इज डीपर दॅन द राइट हील’ या वाक्यात व्रणाची तुलना टाचेशी झाली आहे. ‘डीपर दॅन द वन ऑन द राइट हील’ असे हवे. मराठीत ‘डाव्या टाचेचा व्रण उजव्या टाचेपेक्षा खोल आहे’ असे बोलून जातो आणि ऐकणारा ते सावरून घेतो; लेखी इंग्रजी असे सावरून घेत नाही. कालाची तुलना असेल तेव्हाही हाच नियम : ‘डीपर दॅन लास्ट वीक’ हे बोलण्यात चालते, पत्रात ‘डीपर दॅन इट वॉज ऑन’ असे लिहून पुढे तारीख घालावी. दोनांपैकी एक असेल तर ‘द डीपर ऑफ द टू’, तीन किंवा अधिकांत ‘द डीपेस्ट’. हे शाळेतलेच आहे, पुढे जाऊ.

‘डीप’ आणि ‘डेप्थ’ यांची अदलाबदल हा याच प्रकरणातील दुसरा भाग. ‘3 सीएम डीप’ असे म्हणता येते, ‘अ डेप्थ ऑफ 3 सीएम’ असेही म्हणता येते. ‘3 सीएम डेप्थ’ हे तक्त्याच्या रकान्यात शोभते, वाक्यात नाही. ‘द डेप्थ इज डीपर’ हे ‘उंची उंच आहे’ म्हणण्यासारखे आहे. व्रण ‘डीपर’ असतो. ‘डेप्थ’ असते ती ‘ग्रेटर’. आणि ‘3 सीएम डीप’ व ‘3 सीएम डीपर’ यांत एका अक्षराचा फरक असला, तरी पहिले आजचे माप आहे आणि दुसरे दोन मापांतील अंतर आहे. घाईच्या हस्ताक्षरात शेवटचे अक्षर पुसट झाले तरी अर्थ उलटू नये अशीच रचना केलेली बरी.

मराठीत ‘खोली’ हा शब्द दुहेरी आहे, हे गिरगाव-लालबागच्या चाळींत वाढलेल्या कोणालाही सांगावयास नको. दहा बाय बाराच्या खोलीला आपण खोल म्हणत नाही. इंग्रजी भाषा मात्र दर्शनी बाजूपासून मागील भिंतीपर्यंतच्या अंतरालाही ‘डेप्थ’च म्हणते. औषधविक्रेत्या सभासदांनी जागेच्या नकाशाचा किंवा मांडणीच्या फळ्यांचा इंग्रजी तपशील देताना हे ध्यानात ठेवावे. रस्त्यावर दहा फुटांचे तोंड आणि आत चोवीस फूट, असे जुन्या बाजारपेठेतील दुकान ‘10 फीट वाइड अँड 24 फीट डीप’ असते, आणि त्यात खड्डा मुळीच नसतो. व्रणाला मात्र ही मुभा नाही. तेथे ‘डेप्थ’ म्हणजे त्वचेच्या पृष्ठभागापासून सरळ आत जाणारे अंतर. कडेखालून आडवी पोकळी पसरली असेल तर ती ‘डेप्थ’मध्ये मिळवू नये, ‘अंडरमाइनिंग’ म्हणून दिशेसह वेगळी लिहावी.

पटींच्या भाषेबाबत आमचे मत थोडे कडक आहे. ‘ट्वाइस ॲज डीप ॲज’ म्हणजे दुप्पट खोल, यात शंका नाही. ‘टू टाइम्स डीपर दॅन’ असे लिहिले की काही वाचक दुप्पट समजतात, काही तिप्पट; कारण ‘दोन पटींनी अधिक’ म्हणजे मूळ एक पट अधिक दोन असा हिशोब करणारेही असतात. ‘थ्री टाइम्स लेस डीप’ हे तर कोणत्याच हिशोबात बसत नाही. तृतीयांश म्हणावयाचे असल्यास ‘वन-थर्ड ॲज डीप ॲज’ म्हणावे. संदर्भपत्रात पटींचे काही काम नाही. त्या संशोधनलेखाच्या चर्चाभागात ठेवाव्यात, आणि तेथेही शेजारी मिलिमीटर असावेत. तसेच ‘नॉट ॲज डीप ॲज’ या शब्दांनी केवळ कमी एवढे कळते, किती कमी ते कळत नाही.

गुडघाभर पाणी

व्रणाखेरीज आणखी एका खोलीची नोंद मध्य मुंबईतील वैद्याला दर पावसाळ्यात करावी लागते. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच वेळी कुलाब्यास सुमारे 73 मिलिमीटर. त्या पुरानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, आणि तेव्हापासून ‘पाण्यातून चालला होता का’ हा प्रश्न ज्वराच्या रुग्णाला विचारल्याशिवाय आपण पुढे जात नाही. परळ-दादरच्या सीमेवरील हिंदमाता परिसर बशीसारखा सखल आहे. पावसाचे पाणी साठवून घेण्यासाठी महापालिकेने अलीकडच्या वर्षांत त्या भागातील मैदान व उद्यान यांखाली टाक्या बांधल्या. तरीही मुसळधार पाऊस आणि भरती यांची गाठ पडली की तेथे पाणी भरण्याची धास्ती असतेच.

आता असा रुग्ण समजा : चार दिवसांचा ज्वर, पिंडऱ्यांत तीव्र वेदना, नडगीच्या मध्यावर आठवड्यापूर्वीचे खरचटलेले. तो पाण्यातून आला, पण पाणी कोठवर होते? घोट्यापर्यंत असेल तर नडगीवरची जखम पाण्याबाहेर राहिली. गुडघ्यापर्यंत असेल तर ती बुडाली. जंतूला शिरावयास दार मिळाले की नाही, याचा अंदाज रुग्णालयातील डॉक्टर या एका शब्दावरून बांधणार असतो. पत्रात ‘ही वॉक्ड इन डीप वॉटर’ एवढेच असेल तर तो शब्द असून नसल्यासारखा आहे. लालबागच्या माणसाला जे डीप ते मलबार हिलच्या माणसाला आणखी काही.

इंग्रजीत यासाठी सुरेख जोडशब्द आहेत : ‘अँकल-डीप’, ‘नी-डीप’, ‘वेस्ट-डीप’, ‘चेस्ट-डीप’. आपल्या घोटाभर, गुडघाभर, कमरेइतके, छातीइतके यांचे हे तंतोतंत जुळे भाऊ होत. नामापूर्वी आल्यास मध्ये जोडरेघ द्यावी : ‘नी-डीप वॉटर’. ‘नी-डेप्थ वॉटर’ लिहू नये; हवे तर ‘वॉटर अप टु द नीज’ म्हणावे. गवत किंवा भिंत असेल तर ‘वेस्ट-हाय’, पाणी व चिखल असेल तर ‘वेस्ट-डीप’. ज्यात आपण उभे राहून बुडतो ते ‘डीप’, ज्याच्या शेजारी उभे राहतो ते ‘हाय’, असा ढोबळ भेद धरावा. गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली असेल तर ‘मोअर नी-डीप’ असा शब्द घडवू नये; ‘द वॉटर केम अबव्ह हिज नीज’ हे साधे वाक्य पुरे.

पाणिनीने नेमक्या या गरजेसाठी तीन प्रत्यय सांगितले आहेत : द्वयस, दघ्न आणि मात्र. जानुद्वयस, जानुदघ्न, जानुमात्र या तिन्हींचा अर्थ ‘नी-डीप’. त्यातही परंपरा असा विवेक करते की पहिले दोन उभ्या मापासाठी, म्हणजे उंची व खोली यांसाठी, आणि ‘मात्र’ कोणत्याही मापासाठी. सिराव्यधाच्या प्रकरणात सुश्रुताने शस्त्र किती आत जावे हे सांगताना हाच ‘मात्र’ वापरला आहे : मांसल भागी यवमात्र, अस्थीच्या वरील भागी अर्धयवमात्र. खोली स्थानानुसार बदलते आणि ती एखाद्या परिचित वस्तूच्या तुलनेतच सांगावयाची, हा दंडक आपल्या तंत्रकर्त्यांनी पाळला होता. यवाचे माप के. ई. एम. च्या डॉक्टरला सांगून उपयोग नाही. तेथे मिलिमीटरच हवेत. परंतु ‘नी-डीप’च्या बाबतीत मात्र सेंटिमीटर काढण्याच्या फंदात पडू नये. आठ वर्षांच्या मुलाचा गुडघा आणि त्याच्या बापाचा गुडघा यांच्या उंचीत फरक असणारच, आणि आपल्याला हवा असतो तो रुग्णाचा स्वतःचा गुडघा. स्वांगुलप्रमाणाचे तत्त्व मानणाऱ्या शास्त्राला हे निराळे पटवून देण्याची गरज नाही.

गंभीर आणि ‘सीरिअस’

आपल्या लेखनात एक फसवा शब्द वारंवार येतो, तो म्हणजे ‘गंभीर’. संस्कृतात त्याचा पहिला अर्थ खोल. चरकाने वातरक्ताचे उत्तान आणि गंभीर असे भेद केले ते आश्रयावरून : त्वचा व मांस यांत असलेले ते उत्तान, त्याहून आतील धातूंत शिरलेले ते गंभीर. आजच्या मराठीत मात्र गंभीर म्हणजे चिंताजनक. वृत्तपत्रातील ‘गंभीर जखमी’ हा ‘सीरिअसली इंज्युअर्ड’ असतो, ‘डीपली’ नव्हे. वृत्तान्त लिहिताना गंभीर वातरक्तासाठी ‘सीरिअस’ लिहिले, की आश्रयाविषयीचे विधान तीव्रतेविषयीचे होऊन बसते. मग उत्तान वातरक्ताच्या तीव्र वेदनेला काय म्हणावे? ‘सुपरफिशियल’ आणि ‘डीप-सीटेड’ हे शब्द येथे योग्य. दोन्ही गोष्टी सांगावयाच्या असतील तर दोन विशेषणे वापरावीत. विस्तृत भागावरील उथळ दग्ध ‘शॅलो बट सीरिअस’ असू शकते. पायात खिळा रुतल्याची जखम तोंडाशी राईएवढी दिसते, पण ‘स्मॉल बट डीप’ असते, आणि धनुर्वाताच्या दृष्टीने तो ‘डीप’ निसटता कामा नये.

‘डीप-सीटेड’चे स्पेलिंगही सांभाळावे. त्याच्या मुळाशी आसन आहे, बीज नाही. ‘सीडेड’ हे अशुद्ध होय. ‘डीप-रूटेड’ हा समज, सवय, वैमनस्य यांच्यासाठी राखून ठेवावा. ‘स्किन-डीप’ या शब्दालाही रोगवर्णनात थारा देऊ नये. तो शब्दशः ‘त्वचेपुरता’ असला, तरी इंग्रजी वाचकाच्या कानावर तो ‘दिखाऊ, वरवरचा’ अशा अर्थाने पडतो. त्वचेपुरता मर्यादित व्रण सांगावयाचा तर ‘लिमिटेड टु द स्किन’ लिहावे. दग्धाच्या बाबतीत आधुनिक शल्यतंत्र ‘डेप्थ’ची तुलना ‘पार्शल-थिकनेस’ व ‘फुल-थिकनेस’ या शब्दांत करते, आणि तेच लिहिणे श्रेयस्कर.

वर आम्ही ‘डीपर’पुढे ‘दॅन’च येते असे म्हटले. मग शारीराच्या इंग्रजी ग्रंथांत ‘डीप टु’ कसे आढळते, असा प्रश्न जाणकार विचारतील. तो प्रयोग शुद्ध आहे, पण ती तुलना नव्हे. ते स्थानकथन आहे. ‘सोलियस लाइज डीप टु गॅस्ट्रॉक्नेमियस’ म्हणजे सोलियस हा स्नायू गॅस्ट्रॉक्नेमियसच्या आतल्या अंगास आहे. किती आत, याच्याशी त्या वाक्याला कर्तव्य नाही. याच्या उलट ‘सुपरफिशियल टु’. या रचनेत ‘डीप’ मूळ रूपातच राहते. ‘डीपर टु’ हे रूप ‘डीप टु’ आणि ‘डीपर दॅन’ यांच्या संकरातून जन्मलेले असून ते कोठेच चालत नाही.

क्षारसूत्र करणाऱ्या सभासदांना या भेदाचे मोल इतरांहून अधिक आहे. भगंदराचा मार्ग गुदाच्या संवरणी स्नायूला कोठे आणि किती छेदतो, यावर मलधारणेची शक्ती पुढे टिकणार की नाही हे ठरते. ‘द ट्रॅक इज डीपर’ असे वाक्य शल्यचिकित्सकाला काहीच सांगत नाही : त्वचेपासून अधिक आत, संवरणीच्या आत, की मागील भेटीपेक्षा आत? संवरणीचे नाव घेऊन, मार्ग तिच्यातून जातो की तिच्या बाहेरून, ते लिहावे. शिवाय बाह्य मुखापासून अंतर्मुखापर्यंत एषणी जाते ते अंतर मार्गाची लांबी होय, खोली नव्हे. दर आठवड्याला बदललेल्या सूत्राची लांबी मोजून आपण छेदनाचा वेग दिवस प्रति सेंटिमीटर असा काढतो. तेथे ‘4 सीएम लाँग’ ऐवजी ‘4 सीएम डीप’ असे लिहिले गेले, तर वाचणारा श्रोणीच्या पोकळीजवळ पोहोचलेला भगंदर डोळ्यांपुढे आणील.

वेष्टनावरील ‘डीपर’

औषधनिर्मात्या व विक्रेत्या सभासदांकडे शेवटी वळतो. वेदनाशामक तेले व मलमे यांच्या वेष्टनांवर ‘पेनिट्रेट्स डीपर’, ‘गोज डीपर फॉर लास्टिंग रिलीफ’ अशी वाक्ये छापण्याची हौस वाढली आहे. व्याकरणदृष्ट्या ही अर्धी वाक्ये होत. ‘डीपर’ला दुसरे पद लागते, कशापेक्षा? शेजारच्या दुकानातील मलमापेक्षा, आपल्याच जुन्या पाठापेक्षा, की नुसत्या तिळतेलापेक्षा? दुसरे पद लिहावयाचे म्हटले की मोजमाप दाखविण्याची वेळ येते, आणि ते जवळ नसते; म्हणून वाक्य तेथेच तोडले जाते. जाहिरातलेखकाला ही तोड सोयीची वाटते. वैद्याने आणि औषधनिर्मात्याने ती सोय घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. 1954 च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांसंबंधीच्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात जाहिरात या शब्दाच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टन यांचाही समावेश आहे, आणि औषधाविषयी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला त्यात मनाई आहे. तेव्हा ‘ते तर नुसते वेष्टनावर होते’ हा बचाव उपलब्ध नाही.

काही पत्रकांत त्वचेच्या सात थरांचा उल्लेख करून औषध सातव्या थरापर्यंत पोहोचते असे म्हटलेले असते. सुश्रुताने त्वचेचे सात थर सांगितले हे खरे. अवभासिनीची जाडी व्रीहीच्या अठराव्या भागाइतकी, तर सातव्या मांसधरेची दोन व्रीहींइतकी. परंतु ते शारीराचे वर्णन आहे, कोणत्याही तेलाच्या प्रवेशाचे प्रमाण नव्हे. मजकुरात सुश्रुताचे नाव घ्यावयाचे तर थरांपुरते घ्यावे आणि ‘डीपर’ गाळावा. ‘फॉर मसाज ओव्हर पेनफुल जॉइंट्स’ एवढे लिहिल्यास ग्राहकाला उपयोग कळतो व तुलनेचा प्रश्न उद्भवत नाही. छपाईपूर्वी शेवटची प्रत स्वतः वाचावी. एकाच वेष्टनाच्या दर्शनी बाजूस ‘रीचेस डीप इनटु द बोन’ आणि मागील बाजूस ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ असे शेजारधर्म न पाळणारे मजकूर आम्ही दुकानांच्या फळ्यांवर पाहिले आहेत.

व्याधीचा काळ सांगताना ‘सिन्स’ व ‘फॉर’ यांची जी ओढाताण होते, तिचा विचार पुढील पाठात करू. सभासदांनी आपल्या संदर्भपत्रांतील अडलेली वाक्ये रुग्णाचे नाव व पत्ता वगळून संपादकांकडे पाठवावीत.